काडेपेटीतला लगाम

माझ्या होडीचा पहिला स्पीड कंट्रोलर कर्लीच्या खाडीत अकरा मिनिटं जगला. देवबागच्या बाजूचा काठ, नुकती लागलेली ओहोटी, आणि पाण्यात अडीच फुटांची, ट्रॉलरची नक्कल केलेली माझी होडी. हातात रिमोट आणि अंगात नवशिक्याचा तोरा. अकराव्या मिनिटाला मोटारीचा आवाज तुटला आणि टपाच्या फटीतून पांढऱ्या धुराची बारीक रेघ वर आली. काठावर रापणीची दोरी गुंडाळत बसलेल्या एका काकांनी मानही न वळवता सांगितलं, "पंख्यात जाळा अडाकला आसतला, बघ." होडी ओढून आणली. पंख्याच्या दांड्याला नायलॉनच्या जाळ्याचा वीतभर तुकडा घट्ट गुंडाळलेला होता.

काकांनी निदान केलं ते अनुभवाने. त्यामागचं गणित चार ओळींचं आहे. बॅटरी १२ व्होल्टची. मोटार नीट फिरत होती तेव्हा घेत होती ५ अँपियर. मोटारीच्या आतल्या तारेचा रोध ०.२ ओहम. फिरणारी मोटार स्वतःच उलटा दाब निर्माण करते आणि बॅटरीला आवर घालते. ती अडली की हा उलटा दाब शून्य होतो आणि १२ भागिले ०.२, म्हणजे ६० अँपियरचा लोंढा सुरू होतो. प्रवाह बारापट झाला की तारेतली आणि स्विचमधली उष्णता बारा गुणिले बारा, म्हणजे १४४ पट होते. माझ्या कंट्रोलरमधल्या प्रत्येक स्विचचा रोध ५ मिलिओहम धरला, तर एरवी त्यात पाव वॅटही खर्च होत नव्हता. जाळं अडकल्यावर तो आकडा १८ वॅटवर गेला. प्रवाहाच्या वाटेत असे दोन स्विच असतात. म्हणजे काडेपेटीएवढ्या बंद पेटीत ३६ वॅट. साधं घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं.

या प्रकरणात आपण ही काडेपेटी उघडून पाहू. 'इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर'च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे ईएससी म्हणतात. मी कंट्रोलर म्हणेन. आणि ती बनवण्याचा छोटा धंदा मालवणच्या किनाऱ्यावर कोणी मांडला तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय, तेही पाहू.

दुरून चालणाऱ्या होडीची सुरुवात निकोला टेस्लाने केली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने सुमारे चार फुटी लोखंडी होडी एका हौदात सोडली आणि बिनतारी संदेशांनी ती वळवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला पेटंट मिळालं. पण टेस्लाच्या होडीत आपल्या अर्थाने वेगाचं नियंत्रण नव्हतं. प्रत्येक संदेशाने आतली चकती एक घर पुढे सरकायची आणि त्या घरात जे लिहिलं असेल ते घडायचं: सुकाणू डावीकडे, सुकाणू सरळ, पंखा चालू, पंखा बंद. थोडं हळू, आणखी थोडं हळू, ही भाषा त्या होडीला येत नव्हती.

ती यायला बराच काळ गेला, आणि मधल्या काळातला उपाय आपल्या घरातही होता. छताच्या पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवा. तो चौकोनी, जड डबा, दोनवर ठेवला की हात लावता येऊ नये इतका तापायचा. पंख्याला कमी वीज द्यायची म्हणून उरलेली वीज तो डबा तारेच्या वेटोळ्यात जाळत असे. मॉडेलच्या होड्यांतही हेच होतं. एक छोटी सर्व्हो मोटार तारेच्या वेटोळ्यावरून एक पट्टी सरकवायची. होडी हळू चालली की वेटोळं लाल व्हायचं आणि बॅटरीतली बरीच वीज तिथेच जळायची. बॅटरी ज्यांनी मागून-पुसून आणलेली असते, त्यांना ही उधळपट्टी फार लागते.

१९७०च्या दशकाअखेर जास्त प्रवाह पेलणारे मॉस्फेट बाजारात आले आणि चित्र पालटलं. मॉस्फेट हा विजेचा असा स्विच आहे, ज्याला चालू-बंद करायला बोट लागत नाही, नुसता व्होल्टेजचा इशारा पुरतो, आणि तोही सेकंदाला हजारो वेळा. यातली युक्ती कोकणातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. माजघरातल्या झोपाळ्याला आपण सतत ढकलत नाही. मधूनमधून पायाने रेटा देतो आणि झोपाळा त्याच्या वजनाने एकसारखा हलत राहतो. रेटा जास्त वेळ दिला तर झोका मोठा, कमी वेळ दिला तर लहान. कंट्रोलर मोटारीला असाच रेटा देतो: पूर्ण १२ व्होल्ट, मग शून्य, पुन्हा १२, पुन्हा शून्य. अर्धा वेग हवा तर अर्धा वेळ चालू. स्विच पूर्ण चालू असतो तेव्हा त्यात दाब जवळजवळ नसतो, आणि पूर्ण बंद असतो तेव्हा प्रवाह नसतो. म्हणून तो थंड राहतो. मोटारीच्या वेटोळ्यातला जडपणा मधल्या खाचा भरून काढतो. होडी अगदी हळू चालवताना मोटारीतून डासासारखी जी शीळ ऐकू येते, ती याच उघडझापीची. सेकंदाला हजार-दोन हजार वेळा म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीतली. उघडझाप वाढवली की शीळ नाहीशी होते, पण प्रत्येक उघडझापीत स्विच क्षणभर अर्धवट उघडा राहतो आणि तेवढा तापतो. धंद्यातला पहिला निर्णय इथे घ्यावा लागतो: गिऱ्हाइकाच्या कानाची सोय पाहायची की मॉस्फेटची.

रिमोटकडून येणारा हुकूमही उघडझापीचाच असतो. रिसिव्हर दर २० मिलिसेकंदांनी विजेची एक कळ (पल्स) पाठवतो. ती दीड मिलिसेकंद टिकली तर थांब, दोन टिकली तर पूर्ण पुढे, एक टिकली तर पूर्ण मागे. कंट्रोलरमधली चिप ही लांबी मोजते. कळा यायच्याच बंद झाल्या, तर मोटार थांबवावी असा शिरस्ता आहे. विमानात तो शहाणपणाचा असतो. देवबागच्या संगमावर ओहोटीला होडी थांबली तर ती सरळ अरबी समुद्राच्या हवाली होते. म्हणून माझं मत असं, की किनाऱ्यावरच्या कंट्रोलरमध्ये संपर्क तुटल्यावर थोडा वेळ मंद गतीने चालत राहायची सोयही हवी, आणि ती निवडण्याचं बटणही. हे मत अनुभवाचं आहे, पुस्तकातलं नाही.

होडीला मागेही जावं लागतं. त्यासाठी चार मॉस्फेट पुलासारखे जोडतात. तिरप्या कोपऱ्यातले दोन चालू केले की प्रवाह मोटारीतून एका दिशेने जातो, दुसरे दोन चालू केले की उलट. एकाच बाजूचे वरचा आणि खालचा मात्र एका वेळी चालू होता कामा नयेत. तसं झालं तर बॅटरीची दोन टोकं मोटारीला वगळून थेट एकमेकांना भेटतात. म्हणून एक बंद केल्यावर दुसरा चालू करण्याआधी क्षणाचा अगदी बारीक अंश मुद्दाम रिकामा सोडतात. नव्या बनवणाऱ्यांची पहिली पेटी बहुधा याच चुकीने जाते.

हे झालं ब्रशच्या मोटारींचं. बिनब्रशच्या मोटारींची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना तीन तारा आणि सहा मॉस्फेट. आतलं चुंबक आत्ता कुठे आहे हे कंट्रोलर तिसऱ्या, मोकळ्या तारेत उमटणाऱ्या दाबावरून ओळखतो. पण चुंबक फिरतच नसेल तर दाब कुठून उमटणार? त्यामुळे अगदी मंद गतीला या मोटारी अडखळतात. शर्यतीच्या होडीला ते चालतं. बंदरात शिरणाऱ्या ट्रॉलरची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला चालत नाही. त्याला गोगलगायीची चाल हवी असते. म्हणून नकलेच्या होड्यांत ब्रशच्या जुन्या मोटारींनी अजून ठाण मांडलंय आणि त्यांच्यासाठी कंट्रोलर बनवणाऱ्याला गिऱ्हाईक आहे.

विमानाचा किंवा ड्रोनचा तयार कंट्रोलर होडीत का चालत नाही, हे मला अकरा मिनिटांत कळलं होतं. विमानाचा पंखा कंट्रोलरवर वारा घालतो. होडीत तो पाणी आत येऊ नये म्हणून घट्ट बंद केलेल्या तळात बसतो. विमानाला मागे जायचं नसतं. आणि हवेत जाळी तरंगत नाहीत. पाण्यातल्या पंख्याचा हिशेबही निष्ठुर असतो: वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते. एका मापाने मोठा पंखा लावून पाहू, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा कंट्रोलर आठवड्याभरात दुरुस्तीला परत येतो. आणखी एक लपलेली भानगड म्हणजे रिसिव्हरसाठी ५ व्होल्ट काढून देणारी सोय. साध्या पद्धतीने ती केली, तर १२ व्होल्टमधले ७ व्होल्ट नुसते जाळायचे. सुकाणूच्या मोटारीने १ अँपियर घेतला की ७ वॅट उष्णता. होडी उभी असतानाही पेटी गरम लागते, ती यामुळे.

पेटी थंड ठेवायला होडीखालच्या नळीतून पाणी आत घेऊन कंट्रोलरभोवती फिरवतात आणि बाजूने सोडून देतात. तळ्यात हे छान चालतं. तारकर्लीच्या पुळणीजवळ त्याच नळीत बारीक रेती शिरते आणि पाणी थांबतं, आणि चालवणाऱ्याला ते कळत नाही. मॉस्फेट जाड तांब्याच्या पट्टीवर बसवून ती पट्टी होडीच्या तळाला टेकवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

आता मिठाकडे. मालवणीत सांगायचं तर खारो वारो लोखंडाक खाता, आणि तांब्याकय सोडीत नाय. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. साध्या गोड्या पाण्यापेक्षा ते वीज सुमारे शंभरपट सहज वाहू देतं. धामापूरच्या तळ्याचा थेंब सर्किटवर पडला तर पुसून टाकता येतो. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा थेंब पडला, तर बॅटरीच्या दोन टोकांशी जोडलेल्या तांब्याच्या रेघांमध्ये तो स्वतः तार होतो. धन बाजूचं तांबं विरघळायला लागतं आणि हिरवट पूड उरते. १९३० साली ज्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, त्या किनाऱ्यावर मिठाची ताकद कोणाला शिकवायला नको. थेंब पडायचीही गरज नाही. वाऱ्यातलं मीठ पुरतं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हा गंजलेल्या नट-बोल्टांची चर्चा राज्यभर झाली. तिथे जे टनांत बोललं गेलं, ते कंट्रोलर बनवणाऱ्याला मिलिमीटरच्या अंशांत सोडवावं लागतं.

उपाय दोन. एक म्हणजे सगळं सर्किट इपॉक्सीत बुडवून ठोकळा करायचा. पाणी शिरणार नाही, पण उष्णताही सहज बाहेर पडणार नाही, आणि बिघडलं तर फेकून द्यायचं. दुसरा म्हणजे सर्किटवर पारदर्शक सिलिकॉनचा किंवा ॲक्रिलिकचा पातळ लेप. तो खरवडून दुरुस्ती करता येते. छोट्या धंद्याने दुसरी वाट धरावी, कारण छोट्याचं बळ दुरुस्तीत असतं. आणि लेप देण्याआधी सर्किट स्वच्छ धुवावं. हाताच्या घामातलं मीठ लेपाखाली अडकलं तर लेप त्यालाच जपून ठेवतो.

गंमत म्हणजे या कामातला कितीतरी भाग इथल्या जुन्या हातांना ओळखीचा आहे. तारेच्या टोकाला सोल्डरचा पातळ थर देणं म्हणजे कल्हईच. कल्हईवाला नवसागर टाकतो तो भांड्यावरचा गंजाचा थर खाऊन धातू उघडा करण्यासाठी. सोल्डरच्या तारेत तेच काम राळ करते. होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत भरतात तीही राळच, फक्त झाड वेगळं. आणि सोल्डरमधलं शिसं? २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्याजवळ पूजन होऊन कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. पायाचे दगड शिशाचा रस ओतून बसवले, असं परंपरा सांगते. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून हाताने काम करणाऱ्याला ते सोपं जातं. पण १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत विजेवरची खेळणीही आहेत आणि त्यांत शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. शिशाशिवायचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. त्याला चांगलं सोल्डरिंग आयर्न आणि सरावलेला हात हवा.

असे धंदे जगात कुठे टिकले? उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधल्या राउंड पाँडवर एकोणिसाव्या शतकापासून छोट्या होड्या सोडल्या जातात. टेस्लाची होडी आली त्याच १८९८ साली तिथे 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक सुरू झालं. गावोगावी मंडळं, मंडळांची तळी, तळ्याकाठी म्हातारे आणि नातवंडं. अशा जमिनीवर एमट्रॉनिक्ससारखी कंपनी उभी राहते. होड्यांसाठी तिने 'व्हायपर मरीन' नावाची, पाण्यापासून बंदिस्त कंट्रोलरांची वेगळी मालिकाच काढली. यातलं शिकण्यासारखं एकच: त्यांनी होडीवाल्यांची वेगळी गरज धरली.

आपल्याकडे वारा ड्रोनच्या दिशेने वाहतोय. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुटे भाग मात्र मोकळे ठेवले. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७ साली सुरू केलेली आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी २०२३ साली शेअर बाजारात आली. पाण्यावरही हालचाल आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सागर डिफेन्स इंजिनिअरिंगची 'मातंगी' ही स्वयंचलित बोट मुंबईहून तुतिकोरिनकडे निघाली; वाट अर्थातच आपल्याच किनाऱ्यावरून. केरळातल्या वैकमला २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट चालते. तिच्या मोटारीमागेही उघडझापीचं तत्त्व तेच, पेटी फक्त मोठी.

मालवणातल्या टेबलावर बसलेल्याने मात्र बाजार नीट पाहावा. निव्वळ हौसेने रिमोटच्या होड्या चालवणाऱ्यांच्या जिवावर इथे पोट भरणार नाही; आणखी गिऱ्हाइकं शोधावी लागतील. एनसीसीच्या नौदल शाखेच्या छात्रांच्या शिबिरांत जहाजांची मॉडेल्स बनवण्याची स्पर्धा असते. शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत. खाडीच्या मुखाशी साचणाऱ्या गाळाची खोली मोजायला सोनार बसवलेली छोटी होडी माणसापेक्षा स्वस्तात फिरते. युरोपात कार्प मासा गळाला लावणारे लोक आमिष टाकायला रिमोटची होडी वापरतात, तेही गिऱ्हाईकच. सर्किटचे आराखडे तर जवळजवळ फुकट आहेत. स्वीडनच्या बेंजामिन वेडरचा व्हीईएससी हा आराखडा खुला आहे, एएम३२ हा कंट्रोलरच्या चिपचा प्रोग्रॅमही. परक्याच्या बंद प्रोग्रॅमवर धंदा उभारणं धोक्याचं असतं. ड्रोनवाल्यांत घरोघरी पोचलेला बीएलहेली_३२ हा नॉर्वेतला प्रोग्रॅम २०२४ साली बंद झाला आणि त्यावर विसंबलेले उत्पादक दुसरं काही शोधू लागले.

आराखडा फुकट मिळाला तरी मॉस्फेट विकत घ्यावे लागतात, आणि या बाजारात जुन्यावर नवा छाप मारलेला माल सर्रास फिरतो. कागदावर २ मिलिओहम असतात आणि पाकिटातून निघतात ८. प्रत्येक खेपेतले पाच-दहा नग काढून, त्यांतून १० अँपियर सोडून, दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजणं हा कंटाळवाणा उद्योग आहे. ज्याला त्याचा कंटाळा येतो त्याने दुसरा धंदा पाहावा.

आणि ज्याला येत नाही त्याच्याकडे मालवण एक गोष्ट देतं, जी पुण्या-बंगळुरूच्या प्रयोगशाळांना कृत्रिमरीत्या करावी लागते. मिठाच्या फवाऱ्याची बंद पेटी विकत न घेता, चालू कंट्रोलर ओसरीत टांगून ठेवला की परीक्षा सुरू. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, आणि पावसाचा खारा मारा ओसरीपर्यंत येतो. या ६१ दिवसांत ज्या लेपाखालचं तांबं हिरवं पडलं नाही, त्याची पेटी विकायला हरकत नाही.

तुमच्याकडे आत्ताच होडी असेल, तर यातलं काहीही बनवायची वाट न पाहता एक काम करा. बॅटरीच्या लाल तारेत, कंट्रोलरच्या आधी, गाड्यांच्या वायरिंगमध्ये असतो तसला १५ अँपियरचा चपटा फ्यूज बसवा. मोटारसायकलच्या कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. ६० अँपियरला तो एका सेकंदाच्या आत जातो. होडी वल्हवत जाऊन आणावी लागेल, पण टपातून धूर येणार नाही. परत आल्यावर आधी बॅटरी सोडवा, मग होडी गोड्या पाण्याने धुवा. हा क्रम उलटा करू नका.